बंदोबस्तावरचे पोलीस तोंड का झाकतात? त्यांना तशी परवानगी असते का?

तुम्ही लिहिलंय की मोर्चात समोर उभ्या असलेल्या पोलिसांच्या तोंडाला काळी फडकी होती, छातीवर नावही दिसत नव्हतं, मग तक्रार करायची तर कुणाची. मी खात्यातनं हवालदार म्हणून रिटायर झालो, त्यातली बरीच वर्षं आरसीपीत म्हणजे दंगल नियंत्रण पथकात गेली, त्यामुळे हा प्रश्न बघून गप्प बसवलं नाही.

का बांधतात ते आधी सांगतो. निम्मे लोक खरंच धुळीसाठी बांधतात. विसर्जनाच्या बंदोबस्ताला एकदा उभे राहून बघा, गुलाल नाकात जातो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत निघत नाही. अश्रुधुराचं नळकांडं फोडलं आणि वारं फिरलं की तो धूर आपल्याच अंगावर, आणि गॅस मास्क प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असं नाही, मग ओला रुमाल. उरलेले निम्मे का बांधतात ते तुम्हालाही कळतंय, हातात काठी आणि समोर शंभर मोबाईल. नावाचं म्हणाल तर बॉडी प्रोटेक्टर चढवला की नेमप्लेट त्याच्या खाली जाते, त्यात कुणाची लबाडी नसते, ते जॅकेटच तसं आहे. पण वरून हेल्मेट, तोंडाला रुमाल आणि छातीवर प्रोटेक्टर असं सगळं झालं की आमचे पीआय साहेबसुद्धा आम्हाला आवाजावरून ओळखायचे.

आता माझं ऐका. एका तालुक्याच्या गावात मिरवणुकीचा बंदोबस्त होता. गावाचं नाव आणि मिरवणूक कसली ते लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये भलतीच भांडणं लागतील. मार्गावरून आधीपासून कुरबुर होतीच, अंधार पडता पडता एका गच्चीवरून दगड आले, आमच्या एका होमगार्डचं डोकं फुटलं आणि वरून चार्जची ऑर्डर आली. दुसऱ्या दिवशी पेपरात 'सौम्य लाठीमार' असं छापून आलं. सौम्य लाठीमार मी अख्ख्या नोकरीत बघितला नाही. बाजारपेठेच्या गल्लीत एक किराणावाले काका, साठीच्या पुढचे, शटर खाली ओढत होते, दगडाशी मिरवणुकीशी काही संबंध नाही, त्यांच्या कोपरावर कुणीतरी काठी हाणली आणि पुढे पळाला. हाड मोडलं. मी मागून येत होतो, त्यांना धरून ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं, शेजारच्या पोरांना म्हटलं काकांना दवाखान्यात न्या आणि पुढे गेलो. माझ्या तोंडाला रुमाल नव्हता, कधीच नसायचा. थोडा दम्याचा त्रास आहे, रुमालात जीव घुसमटतो. तेव्हा त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं.

तक्रार झाली, चौकशी लागली. गल्लीतल्या लोकांना विचारलं की इथे कोण पोलीस होते. आता बाकीचे सगळे रुमालवाले, त्यांना कोण ओळखणार? सगळ्यांनी नीट बघितलेलं तोंड एकच, मिशीवाला, गालावर चामखीळ, म्हणजे मी. झालं, कसुरी माझ्यावर, म्हणजे खात्याने ठपका ठेवला. मुख्यालयाला जमा केलं, गार्ड ड्युटी लावली, प्रमोशनची यादी निघाली तिच्यात नाव नाही, आणि गावाकडे आमच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं की तुमच्या पोराने म्हाताऱ्याचा हात मोडला. ते मला अजून सलतं. सेक्शनमधल्या प्रत्येकाचा जबाब झाला, कुणीच काही बघितलेलं नव्हतं, त्या वेळी सगळे म्हणे दुसऱ्याच गल्लीत होते.

शेवटी काकांचाच जबाब झाला माझ्यासमोर. हात सरळ होत नव्हता त्यांचा. मला बघून म्हणाले, हे नव्हेत हो, ह्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, मारणाऱ्याच्या तोंडाला पांढरा रुमाल होता. सुटलो मी. रुमालवाला कोण ते आजतागायत कळलं नाही. मेसमध्ये माझ्याच शेजारी बसून जेवला असेल तो, आणि काकांना ना भरपाई मिळाली ना कुणी सॉरी म्हणालं.

यावर आमचे साडू, तेही खात्यातच होते, सहाय्यक फौजदार म्हणून रिटायर झाले, ते प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतात: तोंड उघडं ठेवून काय मिळालं तुम्हाला? कसुरी! रुमाल बांधला असता तर तुमचंही नाव आलं नसतं. माझं म्हणणं आहे की अहो माझं नाव आलं कारण बाकीच्यांनी तोंडं झाकली होती, आणि सुटलो ते पण काकांनी माझं तोंड बघितलं होतं म्हणून. सगळ्यांची तोंडं उघडी असती तर ज्याने मारलं तो पहिल्या आठवड्यात सापडला असता आणि बाकीचे आपापल्या घरी. हे त्यांना पटत नाही, वीस माणसांत बसून म्हणतात "तुम्ही फार सरळ". ते वाचत असतील तर वाचू दे.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये लंडनला जी-२० ची निदर्शनं चालू होती, तिथे इयन टॉमलिन्सन नावाचा पेपर विकणारा माणूस खिशात हात घालून चालला होता, एका पोलिसाने त्याला काठी मारून मागून ढकललं, तो पडला आणि थोड्या वेळाने मेला. त्या पोलिसाचं तोंड झाकलेलं होतं आणि खांद्यावरचा नंबरही दिसत नव्हता. एका पाहुण्याने काढलेला व्हिडिओ पेपरवाल्यांपर्यंत पोचला तेव्हा तो पोलीस स्वतःहून पुढे आला. पुढे २०१२ ला ज्युरीने त्याला सोडलं, पण खात्याने काढून टाकलं. हाँगकाँगला तर २०१९ मध्ये सरकारने लोकांना मास्क लावायची बंदी केली आणि तिकडे दंगलपथकाच्या अंगावर ओळख नंबर दिसेनात. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की पोलिसांनी नंबर न दाखवणं हे हक्कांच्या विरुद्ध आहे. म्हणजे लोकांनी तोंड दाखवायचं आणि आम्ही झाकायचं, हे कुठल्याच कोर्टात नीट सांगता येत नाही.

परवानगीचं विचारलंय. अटक करताना नाव स्पष्ट दिसलं पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात १९९६ लाच सांगितलं, मग ते सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ४१ ब म्हणून आलं, आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६ आहे. पण नीट वाचा, ते अटकेबद्दल आहे. बंदोबस्ताच्या लाईनीत काठी घेऊन उभा असलेला शिपाई अटक करत नसतो, तो नुसता मारतो, आणि तिथेच सगळं निसटतं. माझं मत विचाराल तर हेल्मेटच्या मागे आणि प्रोटेक्टरच्या पाठीवर बक्कल नंबर, म्हणजे शिपायाचा खात्यातला ओळख नंबर, हातभर मोठा रंगवा, विषय संपला. रंगाच्या डब्याला किती पैसे लागतात? नाव नको असेल तर नसू दे, नंबर चालेल, म्हणजे घरच्यांनाही त्रास नाही.

हो, एक राहिलं. गडचिरोलीत सी-६० वाले, म्हणजे नक्षलवाद्यांविरुद्धचे कमांडो, किंवा काश्मीरमधले पोलीस तोंड झाकतात ते वेगळं आहे, तिथे सुट्टीवर गावी गेलेल्या पोलिसाला घरात घुसून मारलेलं आहे, तिथल्या पोरांना मी काही बोलणार नाही. कोरोनात तर आम्हाला मास्कशिवाय उभंच करत नव्हते, ते बरोबरच होतं. आणि धूर असेल तेव्हा रुमाल बांधावा, धूर गेला की काढावा. मी चिडतो ते गळ्यात तयार ठेवलेल्या आणि ऑर्डर आली की वर सरकणाऱ्या रुमालावर.

तुमच्या तक्रारीचं म्हणाल तर तोंडाच्या मागे लागू नका. वेळ आणि जागा लिहून ठेवा, जवळ उभ्या असलेल्या पोलीस गाडीचा नंबर घ्या. कुठल्या पॉइंटला कुठलं पथक ते बंदोबस्त स्कीममध्ये लेखी असतं, माहिती अधिकारात मागा, बहुतेक नाही म्हणतील, मग अपील करा. ठाण्यात दाद लागली नाही तर एसपी ऑफिस, तिथेही नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. आणि व्हिडिओ असेल तर कापू नका, पूर्ण द्या, त्यात कोण मारतोय ते नसलं तरी कोण मारत नव्हता ते असतं.