वाचकांचे प्रश्न : आंबोलीच्या घाटात सुरू झालेले खांद्याचे दुखणे

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. स्कूबा डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी पूर्ण केला. गेल्या रविवारी सकाळी आम्ही निवती रॉकच्या परिसरात दोन डाइव्ह केल्या. खोली जास्तीत जास्त १८ मीटर होती आणि मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने धोक्याची कोणतीही सूचना दिली नव्हती. साडेबारा वाजता आम्ही शेवटचे वर आलो, वेंगुर्ल्यात जेवलो आणि चारच्या सुमारास सावंतवाडीमार्गे घरी निघालो. आंबोलीचा घाट चढताना उजवा खांदा ठणकू लागला. टाकी उचलताना लचक भरली असेल असे समजून मी वेदनाशामक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पोटावर आणि मांड्यांवर निळसर-तांबडे चट्टे दिसले. जेवणातल्या तिसऱ्यांमुळे (शिंपल्यांमुळे) पित्त उठले असावे म्हणून त्याचीही गोळी घेतली. चट्टे गेले, पण आज चौथ्या दिवशीही खांदा दुखतो आणि त्याच हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात. याचा डायव्हिंगशी संबंध असू शकतो का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तसा तो आहे असे धरूनच पुढची पावले उचलायला हवीत. तुमचा ई-मेल मिळाला त्याच दिवशी आम्ही तुम्हाला दूरध्वनीवरून रिकॉम्प्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची बंद खोली) असलेल्या केंद्राशी संपर्क साधण्यास सांगितले होते, कारण असे दुखणे पुढच्या अंकाची वाट पाहत थांबत नाही. येथे सविस्तर लिहीत आहोत ते मुख्यतः इतर वाचकांसाठी. केवळ वर्णन वाचून निदान पक्के करता येत नाही; मात्र दाब उतरताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणारी, डीकॉम्प्रेशन सिकनेस म्हणून ओळखली जाणारी व्याधी जेव्हा हुकते, तेव्हा ती बहुधा अशाच रीतीने हुकते.

पाठीवरच्या टाकीला आपल्याकडे सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हटले जाते, पण त्यात दाबून भरलेली साधी हवा असते आणि तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १८ मीटरवर शरीर किनाऱ्यावरच्या जवळजवळ पावणेतीनपट दाबाखाली असते आणि श्वासातला नायट्रोजन त्या प्रमाणात रक्तात, चरबीत, सांध्यांभोवतीच्या ऊतींत आणि मज्जारज्जूत विरघळत राहतो. वर येताना तो फुप्फुसांवाटे सावकाश बाहेर पडला तर काहीच होत नाही. दाब भराभर उतरला तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होते तेच शरीरात होते : विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणूनच मिनिटाला ९ ते १० मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि पृष्ठभागापूर्वी सुमारे ५ मीटरवर किमान ३ मिनिटे थांबावे, असे शिकवले जाते. तरीही वर आल्यानंतर कित्येक तास नायट्रोजन शरीरातून निघतच असतो, आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म या कित्येक तासांत आहे.

ही व्याधी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पहिल्या तासातच लक्षणे जाणवतात, बहुतेकांना सहा तासांच्या आत आणि जवळजवळ सर्वांना चोवीस तासांच्या आत. म्हणजे दुखणे सुरू होते तेव्हा माणूस पाण्यात नसतो. तो जेवून आडवा झालेला असतो, गाडीत असतो, घाटात असतो. त्यातही आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक लक्षणाला एक तयार कारण हाताशी असते. खांदा दुखला तर टाकी उचलली होती, चट्टे उठले तर तिसऱ्या किंवा कोळंबी खाल्ली होती, चक्कर आली तर होडी लागली होती, गळून गेल्यासारखे झाले तर ऊन फार होते. यातले प्रत्येक कारण एकेकटे पटण्यासारखे असते. म्हणून आमचा आग्रह असा की चोवीस तासांच्या आत डाइव्ह केलेल्या माणसाला जे काही नवे दुखेल, बधिर होईल किंवा फिरल्यासारखे वाटेल, त्याचे पहिले कारण डाइव्ह धरावे आणि बाकीची कारणे डॉक्टरांनी तपासल्यानंतरच मान्य करावीत.

दुखण्याच्या जातीवरून थोडा फरक कळतो. स्नायू लचकला असेल तर तो दाबल्यावर किंवा हात विशिष्ट दिशेला वळवल्यावर दुखतो. या व्याधीतले दुखणे खोल, बोथट, हाडाच्या आत कोणीतरी पोखरत असल्यासारखे असते. बोटाने दाखवायला सांगितले तर रुग्ण पूर्ण पंजा खांद्यावर फिरवतो, कारण नेमकी जागा त्याला सापडत नाही. हौशी डायव्हरांमध्ये ते खांद्यात आणि कोपरात अधिक आढळते. चट्ट्यांचेही तसेच. पित्ताच्या गांधी उंच, लालसर, कमालीच्या खाजऱ्या असतात आणि अंगभर जागा बदलत फिरतात. जेलीफिशच्या दंशाचे वळ उघड्या अंगावर दोरीसारखे उमटतात. या व्याधीतले चट्टे पोट, कंबर, मांड्या, दंड अशा मांसल भागांवर, सूटखाली झाकलेल्या त्वचेवरही येतात आणि संगमरवरी फरशीतल्या निळ्या-जांभळ्या रेषांसारखी जाळी दिसते. ते आपोआप मावळतात, आणि गोळीने गेले अशी समजूत होते. त्यांचा फोटो काढून ठेवावा, कारण रुग्णालयात पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरलेले नसते.

तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र बोटांच्या मुंग्या ही आहे. मुंग्या, बधिरपणा, पायातले बळ जाणे, तोल जाणे, गरगरणे, एका कानाने अचानक कमी ऐकू येणे, लघवीला लागूनही ती न होणे, बोलण्यात किंवा विचारात गोंधळ, आणि डाइव्हच्या मानाने अवाजवी थकवा ही मज्जारज्जू, मेंदू किंवा आतल्या कानाशी संबंधित लक्षणे असू शकतात. छातीत दुखून कोरडा खोकला आणि धाप लागली तर प्रकरण तातडीचे आहे. सोबत्याला शंका आली तर पाच मिनिटांत बरेच कळू शकते : रुग्णाला डोळे मिटून उभे करावे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालवावे, दोन्ही हातांची पकड सारखी आहे का ते पाहावे आणि दोन्ही बाजूंना हलकेच स्पर्श करून तो सारखाच जाणवतो का ते विचारावे. चालण्याची परीक्षा पुळणीवर घेऊ नये. होडीतून उतरल्यावर वाळूत धडधाकट माणूसही डगमगतो. जेटीचे काँक्रीट किंवा घराची ओटी बरी. परीक्षा ठीक आली म्हणून व्याधी नाही असे मात्र ठरत नाही.

डाइव्ह कॉम्प्युटरने सूचना दिली नाही, हे कारण वाचक नेहमी देतात. ते यंत्र खोली आणि वेळ यांवरून गणित करते. तुम्ही आदल्या रात्री किती झोपलात, पाणी किती प्यायलात, प्रवाहाविरुद्ध किती दमलात हे त्याला ठाऊक नसते. शिवाय सुमारे चौघांपैकी एका प्रौढाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापूर्वीचे छिद्र पूर्ण बुजलेले नसते, आणि काही बुडबुडे फुप्फुसांत गाळले न जाता त्यातून थेट धमन्यांत शिरू शकतात. सर्व मर्यादा पाळूनही ही व्याधी होते, त्यामुळे ती लपवण्याचे काहीच कारण नाही. डायव्हर मंडळींना आपली चूक झाली असे वाटून संकोच वाटतो आणि त्यात मोलाचे तास जातात.

आता घाटाविषयी. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, हा संकेत बहुतेकांनी ऐकलेला असतो. विमानाच्या आत २४०० मीटर उंचीइतका विरळ दाब असू शकतो. चिपी किंवा मोपाचे परतीचे तिकीट काढताना तो पाळलाही जातो. पण हाच संकेत सुमारे ६०० मीटरच्या वरच्या रस्त्यालाही लागू होतो, हे देशावरून येणाऱ्या पर्यटकांच्या गावी नसते. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी भरतो. आकडा लहान वाटतो, पण दोन डाइव्हचा नायट्रोजन अंगात असताना पाचेक तासांत तेवढे चढणे टाळण्यासारखे होते. त्या रात्री तुम्ही सावंतवाडीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघाला असतात तर बरे झाले असते. कोकण रेल्वेने किनारपट्टीतूनच मुंबईकडे जाणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

लक्षणे दिसताच करायची गोष्ट म्हणजे रुग्णाला आडवे झोपवून शुद्ध ऑक्सिजन सुरू करणे. साध्या नळीने तो पुरेसा मिळत नाही. पिशवी जोडलेला, घट्ट बसणारा मास्क आणि मिनिटाला १० ते १५ लिटर प्रवाह हवा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो. येथे एक अडथळा हमखास येतो : बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवतो आणि ऑक्सिजनची गरज नाही म्हणून तो काढला जातो. या रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा तो रक्तातली कमतरता भरण्यासाठी नव्हे; श्वासातला नायट्रोजन बंद झाला की शरीरात अडकलेला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो आणि बुडबुडे आक्रसतात, हा त्याचा हेतू असतो. नातेवाइकांनी हे डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे. ऑक्सिजनने दुखणे पूर्ण थांबले तरी पुढे जायचे टाळू नये, कारण ते परत येते. शुद्धीवर असलेल्या आणि उलट्या न होणाऱ्या रुग्णाला पाणी द्यावे. दारू अर्थातच नाही.

खरा उपचार रिकॉम्प्रेशन चेंबरमध्ये होतो. तेथे बहुधा १८ मीटर खोलीइतका दाब देऊन ऑक्सिजन दिला जातो आणि नेहमीच्या पद्धतीची एक बैठक पावणेपाच तासांची असते. शहरांत न भरणाऱ्या जखमांसाठी चालणारी हायपरबॅरिक (दाबाखाली ऑक्सिजन देणारी) केंद्रे असतात, पण प्रत्येक केंद्र डायव्हरला, तेही अवेळी, घेईलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. चार दिवस उलटले म्हणून उपयोग नाही, असे समजू नये. उशिरा दिलेल्या उपचारानेही अनेकांना गुण येतो.

प्रश्न : माझी १६ वर्षांची मुलगी शाळेच्या मैत्रिणींसोबत मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ‘ट्राय डाइव्ह’ करणार आहे. तिला हा आजार होईल का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : पर्यटकांच्या या डाइव्ह सहसा १० मीटरच्या आत आणि थोड्या वेळाच्या असतात, त्यामुळे डीकॉम्प्रेशन सिकनेसची शक्यता फार कमी आहे. उथळ पाण्यातला धोका वेगळा आहे, आणि तो तिला आधी समजावून सांगा : घाबरून श्वास रोखून वर यायचे नाही. १० मीटरवर घेतलेला श्वास पृष्ठभागावर दुप्पट जागा मागतो. दीड मीटरवरून श्वास रोखून वर येणेही फुप्फुस फाटायला आणि हवा रक्तात शिरायला पुरू शकते. तसे झाल्यास वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत बेशुद्धी, झटके किंवा अर्धांगवायूसारखी लक्षणे दिसतात, आणि उपचार वर सांगितलेलाच आहे. याखेरीज कान दुखणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात जाऊ देऊ नका. दमा असल्यास तपासणी झाल्याशिवाय अजिबात नको. होडीवर ऑक्सिजनचा संच आहे का, हे तुम्ही स्वतः विचारा. पैसे भरण्यापूर्वी विचारलेले बरे.

प्रश्न : मी देवबागला पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचे काम करतो. ऑक्टोबर ते मे या हंगामात गर्दीच्या दिवशी १५ ते २० वेळा ६-७ मीटर खाली-वर होते. रात्री गुडघे ठणकतात. जुने सहकारी म्हणतात, “परत खाली जावन ये, बरा वाटतला.” आणि खरेच बरे वाटते. तसे केले तर चालेल का?
— एक वाचक, देवबाग

उत्तर : नाही. पण तुमच्या सहकाऱ्यांचे निरीक्षण खरे आहे आणि म्हणूनच काळजीचे आहे. दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या खाणकामगारांना पुन्हा दाबात गेल्यावर आराम पडतो, हे पोल आणि वातेल या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी १८५४ मध्येच नोंदवले होते. खाली गेल्यावर बुडबुडे दबतात, म्हणून ठणका थांबतो. मात्र तुम्ही खाली साधी हवाच घेत असल्याने नवा नायट्रोजन भरता आणि वर आल्यावर तक्रार वाढून परत येऊ शकते. पाण्याखाली पाय लुळे पडले किंवा शुद्ध गेली तर सोबत कोणी नसताना काय होईल, हे सांगायला नको. खाली जाऊन दुखणे थांबणे हाच ते दाबामुळे असल्याचा जोरदार संशय घेण्याचा आधार आहे, आणि तो डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

प्रत्येक फेरी उथळ असली तरी दर वेळी दाब उतरतो, आणि घाबरलेल्या पर्यटकाला घेऊन वर येताना वेग तुमच्या हातात राहत नाही. तुमच्या मालकांशी बोलून फेऱ्या दोघांत वाटून घ्या, मधल्या वेळेत सावलीत बसून पाणी प्या आणि फेरी संपताच होडीचे नांगर ओढण्यासारखे जड काम दुसऱ्याला द्या. ठणका आहे त्या दिवशी पाण्यात उतरू नका. दुखणे आठवड्याहून अधिक टिकले, किंवा खुब्यात अथवा खांद्यात सुरू झाले, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून एमआरआय करून घ्या, कारण वर्षानुवर्षे दाबाखाली काम केलेल्यांत हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे आहेत. इतक्या उथळ पाण्यात ती विरळ असली तरी तपासणे योग्य. जाताना एका कागदावर गेल्या आठवड्यातील प्रत्येक दिवसाच्या फेऱ्या, जास्तीत जास्त खोली, शेवटचे वर आल्याची वेळ आणि दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहून न्या. किनाऱ्यावरच्या बहुतेक डॉक्टरांना हे प्रश्न विचारायची सवय नसते.