वाचकांचे प्रश्न : लष्करी रेकीचा अनुभव बाहेर मांडायचा कसा?

रेकी (पुढे जाऊन केलेली टेहळणी), लांब पल्ल्याची गस्त, ओपी (निरीक्षण चौकी) ड्यूटी करून निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जवानांची पत्रं या वेळी बरीच आली. काही त्यांच्या घरच्यांनी लिहिली आहेत. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

पायदळात हवालदार आहे. सहा वर्षं घातक प्लॅटूनमध्ये (बटालियनच्या खास हल्ला-टेहळणी तुकडीत) काढली. वर्षभरात निवृत्त होईन. पुण्यातल्या एका कंपनीत बायोडेटा दिला तर गेटवर गार्ड म्हणून या म्हणाले. जे केलं ते सांगता येत नाही आणि जे सांगता येतं त्याला किंमत मिळत नाही. बायोडेटात लिहू काय? (खटाव, जि. सातारा)

बायोडेटात बहुतेक जवान ठिकाणं लिहितात : अमुक सेक्टर, तमुक पोस्ट, इतके टेन्युअर. समोरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही, आणि ही माहिती बाहेर देणंही योग्य नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट डिस्चार्ज बुक हातात पडलं म्हणून संपत नाही. पोस्टचं नाव, गस्तीचा मार्ग, कारवाईची तारीख, उपकरण किती अंतरावरचं टिपतं, खबर कुठून यायची, यांपैकी काहीही बायोडेटात, मुलाखतीत किंवा मोबाइलमधल्या फोटोत येता कामा नये.

मग उरतं काय? उरतं तेच विकायचं आहे. रेकीत जिवावरचा धोका असतो हे खरं, पण पलटणीला रेकी पार्टीकडून हवा असतो तो अहवाल. पाहिलं, मोजलं, वेळेत लिहून दिलं आणि त्यावर दुसऱ्या कुणी निर्णय घेतला, हेच बाहेर दुर्मीळ आहे. म्हणून ‘घातक प्लॅटूनमध्ये सेक्शन कमांडर’ या ओळीखाली लिहा : दहा जणांच्या तुकडीचं नेतृत्व, दुर्गम भागात सलग बहात्तर तास पाळीने निरीक्षण, ठरल्या वेळी लेखी व तोंडी अहवाल, १:५०,००० च्या नकाशावर सहा आकडी ग्रिड संदर्भाने जागा निश्चिती, थर्मल इमेजर, जीपीएस, रेडिओ संचाची जबाबदारी व नोंदवही. आकडे अर्थात स्वतःचे, खरे घाला. हुद्दा मात्र बदलू नका. हवालदार हे हवालदारच राहू दे, कंसात टीम लीडर चालेल.

याहून महत्त्वाचं म्हणजे सोबत एक नमुना अहवाल जोडा. गावची यात्रा, मंगल कार्यालय किंवा ओळखीच्या हाउसिंग सोसायटीची सुरक्षा पाहणी, व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेऊन करा. तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी उजेडात कुंपणाकडेने पायी फिरा आणि १:५०० चा आराखडा काढा, उत्तर दिशा दाखवून. दुसऱ्या दिवशी रात्री आठ ते दोन तिथेच थांबा : कुठला दिवा बंद आहे, कॅमेऱ्याला कोणता कोपरा दिसत नाही, पाळी बदलताना गेट किती मिनिटं मोकळं राहतं, दूधवाल्याची वही कोण तपासतं. तिसऱ्या दिवशी लिहा. दोन पानं पुरेत.

लष्करी सवय नडते ती इथे. गस्तीच्या अहवालाचा क्रम ठरलेला असतो : काम काय, सोबत कोण, निघाल्याची वेळ, वाट, जमीन, मग जे दिसलं ते आणि मत शेवटी. कंपनीच्या मॅनेजरला पहिल्याच ओळीत हवं असतं की काय करायचं आणि अंदाजे खर्च किती. तेव्हा क्रम उलटा करा. दुसरी चूक म्हणजे चौदा त्रुटी एकाच मापाने लिहिणं. तीन गंभीर वर घ्या, बाकीच्या तक्त्यात टाका. पण पलटणीतली एक सवय अजिबात सोडू नका : ‘पाहिलं’ आणि ‘अंदाज’ वेगळे लिहिण्याची. मागची भिंत पावणेदोन मीटर, हे मोजलेलं. तिथूनच चोरी झाली असावी, हा अंदाज. हा फरक कागदावर दिसला की तुमच्याकडे गार्ड म्हणून पाहणारा माणूस तुम्हाला खुर्ची देतो.

आणि सुरक्षा क्षेत्रातच जायचं असेल तर गार्डच्या नव्हे, सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करा. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ मध्ये सुपरवायझर नेमताना सैन्यदल, पोलीस वगैरेंत किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. मुलाखतीत हे नम्रपणे, पण जरूर सांगा.

मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत रेकी प्लॅटूनमध्ये होतो. एक ट्रान्सपोर्टवाला पवनचक्कीची पाती न्यायच्या रस्त्याचा सर्व्हे करून द्या म्हणतो. हे काम जमेल का? (पारनेर, जि. अहिल्यानगर)

जमेल, आणि छान जमेल. याला मोठ्या मालाच्या वाहतुकीचा रूट सर्व्हे म्हणतात आणि तुमच्या रूट रेकीशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो. पूल, चढ, अरुंद जागा, वळणं, गाडी बाजूला घ्यायची जागा. फरक एवढाच की रणगाडा शेतातून काढता येतो, सत्तर मीटरच्या आसपासचं पातं काढता येत नाही.

वळणापासून सुरुवात करा. दोन माणसं आणि वीस मीटरचा टेप घ्या. वळणाच्या बाहेरच्या कडेवर दोन बिंदूंमध्ये टेप ताणा. त्याच्या मधोमध, टेपपासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. टेपच्या लांबीचा वर्ग भागिले मधल्या अंतराची आठपट, अधिक मधल्या अंतराची निम्मी : ही त्रिज्या. टेप २० मीटर आणि मधलं अंतर २.५ मीटर असेल तर ४०० भागिले २०, म्हणजे २०, अधिक १.२५, त्रिज्या २१.२५ मीटर. घाटातल्या प्रत्येक वळणाचा आकडा, आतल्या कडेचा कठडा, बाहेरच्या अंगाला असलेलं झाड किंवा खांब आणि त्यांचं रस्त्याच्या कडेपासून अंतर लिहा. पात्याचं मागचं टोक वळताना रस्त्याबाहेर फिरतं, त्यामुळे रस्ता पुरेसा रुंद असूनही दहा फुटांवरचं दुकानाचं छप्पर आडवं येतं. नवख्याच्या सर्व्हेत हीच नोंद राहून जाते.

मग तारा. ॲल्युमिनियमची काठी उंच करून तार मोजायला जाऊ नका, माणूस जागीच जातो. हातात धरायच्या लेझर मीटरला बारीक तार उन्हात धड सापडत नाही. तारेची उंची मोजायचं अल्ट्रासॉनिक मीटर मिळतं, तेच घ्या. मोजायची वेळ दुपारची, कारण ऊन आणि विजेचा भार वाढला की तार लांबते आणि खाली येते. सकाळी सातला मोजलेली उंची दुपारी दोनला खरी नसते. प्रत्येक नोंदीपुढे वेळ टाका.

पुलाबाबत हद्द ओळखा. जागा, गाळ्यांची संख्या, भाराची पाटी, दिसणाऱ्या भेगा लिहा, फोटो जोडा. पण ‘पूल सुरक्षित आहे’ हे वाक्य तुमच्या सहीखाली येता कामा नये. तो निर्णय रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याच्या अभियंत्याचा. जवानाला ‘हो, जाईल’ म्हणायची सवय असते. इथे ती महागात पडते.

युनिटमध्ये क्वाडकॉप्टर उडवायचो. निवृत्तीनंतर ड्रोन सर्व्हेचा व्यवसाय करायचा आहे. तो अनुभव चालेल ना? (नाशिक)

हात बसलेला आहे, तो उपयोगी पडेल; कागद मात्र नवे लागतील. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे धंद्यासाठी उडवायचं तर रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं. वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला ते लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला फक्त बिगरव्यावसायिक वापरापुरती सूट आहे. तुम्ही पैसे घेणार, म्हणजे सूट नाही. उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा दर वेळी पाहा. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण तुमच्या जिल्ह्यात देवळालीचा लष्करी परिसर आहे, ओझरचा विमानतळ आहे. ओळखीचे जवान भेटले म्हणून तिथे उडवायचं नाही.

उडवणं हा सोपा भाग आहे. पैसे नकाशाचे मिळतात, आणि त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. दोन चुका नेहमीच्या. पहिली : उंची उड्डाणाच्या जागेपासून धरली जाते. डोंगरउतारावर पायथ्यावरून १०० मीटर उंचीने निघालेलं ड्रोन माथ्यावर जमिनीपासून ४० मीटरवर येतं, फोटोंचं एकमेकांवर येणं घटतं आणि नकाशाला भोकं पडतात. हे एकमेकांवर येणं पुढे-मागे ७५ ते ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के ठेवा, उतार असेल तर टप्प्याटप्प्याने उडवा. दुसरी चूक यूटीएम (नकाशाच्या ग्रिड पद्धतीच्या) झोनची. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. नाशिक, पुणे, अमरावती ४३ मध्ये. नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. क्यूजीआयएसमध्ये ते अनुक्रमे ३२६४३ आणि ३२६४४ या क्रमांकांनी निवडायचे. नागपूरकडचं काम घेतलं आणि जुनीच फाइल कॉपी केली की सगळे आकडे चुकतात. ग्रिड बदलली की पहिली तपासणी ग्रिडचीच, हे मॅप रीडिंगच्या वर्गात शिकलात, तेच इथे.

दहावीवर भरती झालो, पदवी नाही. पदवी मागणाऱ्या जागांचं काय? (जत, जि. सांगली)

पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला, केंद्राच्या गट ‘क’मधल्या, माजी सैनिकांसाठी राखीव आणि तांत्रिक पात्रता न मागणाऱ्या जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरलं जातं. वयातून सेवेचा काळ वजा होतो आणि वर तीन वर्षं मिळतात. डीजीआरचे (संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे) कोर्स जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) आणि जवानांना मोफत आहेत, पण ते शक्यतो सेवेत असतानाच करून घ्या. युनिटमधल्या क्लार्कला आजच विचारा, घरी आल्यावर नव्हे.

माझे मिस्टर ओपी ड्यूटीवर बरीच वर्षं होते. एका डिटेक्टिव्ह एजन्सीने बोलावलंय, लग्नाआधीच्या चौकशीचं काम आहे. पैसे बरे आहेत, पण मला भीती वाटते. (गडहिंग्लज, जि. कोल्हापूर)

वहिनी, तुमची भीती रास्त आहे. या धंद्याला आपल्याकडे लायसन्सचा वेगळा कायदा नाही, म्हणून खासगी गुप्तहेराला कुठलाही खास अधिकारही नाही. सीमेवर लपून पाहणं हा हुकूम होता. इथे एखाद्या मुलीच्या मागे तिच्या मनाविरुद्ध पुन्हा पुन्हा फिरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (पाठलागाचा गुन्हा) लागू शकतं. कॉल रेकॉर्ड मिळवून देणं तर सरळ गुन्हा आहे; २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशाच प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

त्याच नजरेला सरळ काम आहे : कंपनीतल्या नव्या कर्मचाऱ्याच्या पत्त्याची आणि आधीच्या नोकरीची त्याच्या लेखी संमतीने पडताळणी, विम्याच्या दाव्यात अपघाताच्या जागेची पाहणी, गोदामातला साठा मोजणं. एजन्सीत जायचंच असेल तर मिस्टरांना सांगा की रुजू होण्याआधी कराराच्या पत्रात एवढं लिहून घ्या : कुणाचा पाठलाग नाही, गाडीला गुपचूप ट्रॅकर नाही, कॉल रेकॉर्ड किंवा बँकेचे तपशील नाहीत, आणि प्रत्येक कामाचा आदेश लेखी. एजन्सी हे लिहून द्यायला तयार नसेल तर तिथे जाऊ नका.