गॅरेजमधून: जुनी गाडी घेताना

या वेळी आलेली बहुतेक पत्रं जुन्या गाडीबद्दलच आहेत. जयसिंगपूरच्या बाईंच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याच गोष्टीत माणसं सर्वात जास्त फसतात.

आम्हाला २०१७ ची पेट्रोल गाडी दाखवली आहे. एकच मालक, ४१ हजार किलोमीटर, आतून एकदम नवी कोरी. बाजारभावापेक्षा ऐंशी हजारांनी स्वस्त देतात. गाडी सांगलीची आहे, म्हणून पुराची शंका येते. बुडालेली गाडी ओळखायची कशी?
— एक शिक्षिका, जयसिंगपूर

बाई, तुमची शंका रास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांची आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, त्याच दिवसांत चिपळूणही बुडालं. तेव्हा पार्किंगमध्ये आणि गल्लीबोळांत ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यातल्या काही भंगारात गेल्या आणि बाकीच्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. इतकी वर्षं वापरलेल्या गाडीचं कार्पेट आणि सीटकव्हर नवं कोरं असेल तर ते कधी बदललं आणि का बदललं, हे आधी विचारा.

बघायला दिवसा जा, आणि गाडी उन्हात बंद करून ठेवलेली असेल तर उत्तम. दार उघडल्याबरोबर आत डोकं घालून वास घ्या. परफ्यूमचा भपकारा आला तर तो काढून ठेवायला सांगा आणि काचा लावून अर्धा तास थांबा. ओल मुरलेल्या फोमचा कुबट वास लपत नाही. मग चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस पट्ट्याचा दिसणारा भाग घासतो. गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ तशीच असते. मागच्या पावसाळ्यात एक गाडी माझ्या पिटवर आली होती. वरून झकास पॉलिश, पण ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा ओढला तर टोकाला राखाडी रेघ, आणि सीटखालच्या रुळाच्या खाचेत बोट फिरवलं तर मऊ, चिकट पोयटा. घेणारं जोडपं शेजारीच उभं होतं. त्यांनी टोकन दिलेलं नव्हतं, एवढं बरं.

त्यानंतर सीटचे जमिनीतले बोल्ट बघा. रंग उडालेला आणि पाना लागल्याच्या ताज्या खुणा असतील तर सीट काढून आतलं सगळं बाहेर घेतलेलं आहे. डिकीत स्टेपनी उचला आणि तिच्याखालच्या खोलगट भागातला गंज तपासा. फ्यूजबॉक्सचं झाकण उघडून वायरींच्या जोडांवर हिरवट कळकलेला थर आहे का ते बघा. पुराच्या गाडीत खरा घात वायरिंगमध्ये असतो. इंजिन उघडून साफ करता येतं, गिअरबॉक्सचं ऑइल बदलता येतं. पण जोडाजोडात शिरलेली ओल वर्ष-दोन वर्षांनी बाहेर पडते. आज पॉवर विंडो बंद, उद्या सेंट्रल लॉक, परवा भर हायवेवर गाडी बंद.

एअरबॅगकडे विशेष लक्ष द्या, कारण हा जिवाचा मामला आहे. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअरच्या कन्सोलखाली, म्हणजे अगदी खाली बसवलेलं असतं. पाणी आधी तिथं पोचतं. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्बच काढून टाकलेला असू शकतो. विझलाच नाही, तर सिस्टीम बिघडलेली आहे. दोन्हींपैकी काहीही झालं तरी व्यवहार थांबवा.

कागदांवरूनही अंदाज येतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. म्हणून मालकाकडे २०१८ पासूनच्या सगळ्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, कोणत्या वर्षी शून्यावर आला ते बघा. तो २०१९ किंवा २०२१ नंतर तुटला असेल तर क्लेम कशाचा होता, हे त्यांना सांगावं लागेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून आधीची कामं निघतात. तिथं मालकालाच सोबत न्या, म्हणजे माहिती द्यायला आढेवेढे घेत नाहीत. किलोमीटर मागे फिरवले असतील तर तेही तिथंच कळतं.

पाणी फक्त पायाजवळच्या कार्पेटपर्यंत आलं, दोन दिवसांत गाडी उघडून वाळवली आणि मालक ते बिलांसकट स्वतःहून सांगतोय, तर अशी गाडी मी टाकाऊ म्हणणार नाही. मात्र डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी मी माझ्या भावाला फुकटसुद्धा घेऊ देणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाला गाडी विकली. टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जावर) सह्या करून दिल्या, पैसे मिळाले. नाव अजून माझंच आहे आणि चलनं माझ्या मोबाइलवर येतात. तो फोन उचलत नाही. काय करू?
— एक वाचक, नाशिक

चलनं ही यातली लहान बाब आहे. मोठी भीती अपघाताची. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गाडी पाच हातांतून फिरली असली तरी उपयोग नाही. त्या माणसानं विमा भरलेला नसेल आणि कुणी दगावलं, तर नोटीस तुमच्या दारात येईल. म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विकणाऱ्याची सूचना फॉर्म २९ वर जाते, नाव बदलण्याचा अर्ज फॉर्म ३० वर. मुदत कधीच टळली आहे, तरी आता लेखी कळवा. विक्रीचा करार, बँकेत पैसे आल्याची नोंद आणि सह्या केलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स जोडा, अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेणाऱ्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. तरीही दाद दिली नाही तर पोलिस ठाण्यात अर्ज द्या. गाडीचा विमा चालू आहे की नाही ते एमपरिवहन या सरकारी ॲपवर आजच बघा. संपला असेल तर थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, तरी तुम्ही स्वतः काढा. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला २०२२ च्या दरानं वर्षाचे ३,४१६ रुपये अधिक कर, एवढंच लागतं. दुसऱ्याच्या गाडीचा विमा आपण का भरायचा, असं वाटेल. मला यात तुमचं घर वाचताना दिसतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून गाडी सोडू नका. एजंटाला विकत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळवता येतं आणि तिथून गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. घेणाऱ्यानंही विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच. तो त्याच्या पुढच्या गाडीला लागतो, तुम्हाला त्याचा फरक भरावा लागतो.

बँकेतून निवृत्त झालो आहे. महिन्याला फार तर चारशे किलोमीटर, सगळं कोथरूड-डेक्कन. मुलगा २०२० ची डिझेल एसयूव्ही घे म्हणतो, मायलेज चांगलं म्हणून. घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

काका, घेऊ नका. हिशेब मांडतो. चारशे किलोमीटरला पेट्रोल गाडी १५ च्या मायलेजनं साधारण २७ लिटर खाईल, डिझेल १९ च्या मायलेजनं २१ लिटर. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर महिन्याला साडेआठशे रुपये वाचतील, म्हणजे वर्षाला दहा हजार. त्यासाठी गाडी घेताना लाख-दीड लाख जास्त मोजणार, सर्व्हिसिंगही महाग पडणार.

त्याहून मोठं कारण डीपीएफ. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. इंजिन चांगलं तापून गाडी काही वेळ सलग वेगात चालली की ही काजळी जळून जाते. कोथरूडहून डेक्कनला जाईपर्यंत इंजिन धड तापत नाही, त्यात सिग्नल. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, पिकअप जातो. काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून लोक खूश होतात, पण ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग खातं. फिल्टर बदलायची वेळ आली तर काही मॉडेलना लाखाच्या पुढे बिल जातं. तुमच्या वापराला पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या. गुडघ्यांनाही बरं.

दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळते आहे. इकडे आणली तर चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

चालेल, पण दोन लाख वाचणार नाहीत. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा वाद २०१५ पासून चालू आहे, म्हणून तिथल्या गाड्या पडेल भावात निघतात. इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीला तो किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के आहे आणि गाडीच्या वयानुसार कमी होत जातो. तिथल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्याला वेळ लागतो. तो पदरात पडला असं धरून हिशेब करू नका. त्यात वाहतूक, एजंट, नवा नंबर. पूर्ण पैसे देण्याआधी फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, हातात घ्या. गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही. हे सगळं धरून चाळीस-पन्नास हजारांचाच फरक उरत असेल तर जवळची, जिचा मालक समोर उभा आहे अशी गाडी बरी.

पहिलीच गाडी. नर्स आहे, रात्रपाळीला एकटी जाते, म्हणून हवी आहे. जवळ साडेतीन लाख आहेत. साडेतीनपर्यंतची गाडी बघू ना?
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, पावणेतीन ते तीनपर्यंतची बघा आणि उरलेले पैसे बँकेतच असू द्या. गाडी हातात आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ती पैसे मागतेच. छोट्या गाडीचे चार टायर वीस हजारांच्या आसपास, बॅटरी पाच-सहा हजार, क्लचचं काम मजुरीसकट आठ ते बारा हजार, खालचे बुश आणि शॉकअप गेले असतील तर तेवढंच आणखी. टायरवर नक्षी आहे म्हणून समाधान मानू नका, कडेवरचे चार आकडे वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं आणि पावसात पकडत नाही. रात्री एकट्यानं चालवायची आहे, तेव्हा टायर, ब्रेक आणि हेडलाइट या तिन्हींत काटकसर करू नका. म्युझिक सिस्टीम नंतर बघता येईल.

भाव ठरवताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा जुन्या शोरूम किमतीचा दाखला देईल, तुम्ही आजच्या किमतीचा द्या. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर मेकॅनिककडून पेट्रोलचे रबरी पाइप तपासून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यानं लवकर फुगतं किंवा चिरतं. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

आणि तुमचं गाव समुद्राकाठचं. खारी हवा पत्रा खालून खाते, वरचा रंग चकचकीत असतानाच. गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घ्यायला लावा आणि टॉर्च मारून दारांखालची पट्टी, सायलेन्सरचे हँगर आणि ब्रेकचे पाइप बघा. खाली ताजा काळा अंडरकोट मारला असेल तर तो कधी मारला ते विचारा. गंजावर मारलेला कोट गंज झाकतो, थांबवत नाही. जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ जोरात दाबून बघा. पत्रा कुरकुरला किंवा आत गेला, तर ती गाडी सोडा आणि दुसरी बघा.