"जाणारो जातलोच"

आत्महत्या रोखायला पुलाला उंच कठडा, जेटीवर दिवा, कड्याच्या टोकाला जाळी, यातलं काहीही सुचवलं की आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "जाणारो जातलोच, तेका कोण अडवतलो?" हिशेब इतकाच की इथून अडवला तर दुसरीकडे जाईल, मग खर्च कशाला?

अण्णांच्या मनात तेच वाक्य भीती होऊन बसलं होतं. सिंधुदुर्गातल्या एका खाडीपुलाच्या तोंडाशी त्यांची चहाची टपरी आहे. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. पुलाचं नाव मुद्दाम देत नाही. एखाद्या जागेचं नाव अशा गोष्टीशी जोडलं गेलं की खचलेल्या माणसाला नेमकी तीच जागा आठवते. बातम्या देणाऱ्यांनीही हे पाळलं तर बरं.)

अण्णा माझ्याकडे समुपदेशनाला आले ते झोप लागत नाही म्हणून. श्रावणातल्या एका संध्याकाळी पुलाच्या मधोमध एक तरुण उभा होता. तिथे गरी टाकणारे रोज उभे असतात, त्यामुळे कुणी उभं असण्याचं नवल नाही. पण याच्या हातात गरी नव्हती. छत्री होती, ती मिटलेली, आणि पाऊस तर कोसळत होता. दोन एसट्या गेल्या, त्याने मान वळवली नाही. अण्णांनी टपरीतूनच हाक मारली, "काय रे, भिजतंस कित्याक? ये, च्या घे." तो हलला नाही. मग अण्णाच ग्लास घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ना हात धरला, ना उपदेश केला. पावसाबद्दल, माशांबद्दल थोडं बोलून झाल्यावर सरळ विचारलं, "जीवाचा बरावायट करूचा मनात इला काय?"

पोरगा रडायला लागला. मासेमारीची बंदी उठून सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या होत्या, त्याची किनाऱ्यावरच होती. इंजिनाचं कर्ज थकलेलं, घरी रोज भांडण. अण्णांनी त्याला टपरीत बसवलं, त्याच्या दादाला फोन लावला आणि दादा येईपर्यंत नजरेआड होऊ दिलं नाही.

खरं तर इथे कौतुक व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी शेजारचा म्हणाला, "आज अडवलंस, उद्या गेलो तर? आणि असा तोंडावर विचारतत? नसलेला डोक्यात भरलंस. आता पोलीस तुझ्याच दारात." तेव्हापासून अण्णांची झोप गेली.

पोलिसांचा मुद्दा सोपा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार आणि आधार द्यायचा, आणि ती जबाबदारी सरकारची आहे. मग चहा देणाऱ्याने कशाला घाबरायचं?

थेट विचारण्याची भीती मात्र शिकलेल्यांनाही असते. असं विचारलं तर चालेल का, हे शिक्षक विचारतात, नर्स विचारतात, आईबाप तर विचारतातच. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट जे कुणाशी बोलता येत नव्हतं ते बोलायला वाट मिळते. आडून आडून "तसलं काही नाही ना?" असं विचारलं तर समोरचा "नाही" म्हणून मोकळा होतो. अण्णांचा प्रश्न मी माझ्या प्रशिक्षणात जसाच्या तसा वापरते.

राहिलं "उद्या गेला तर". यावर मी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची गोष्ट सांगितली. १९३७ ते १९७१ या काळात तिथे अडवलेल्या ५१५ माणसांचं पुढे काय झालं, हे संशोधक रिचर्ड सायडन यांनी शोधलं आणि १९७८ मध्ये मांडलं. सुमारे ९४ टक्के माणसं एकतर हयात होती किंवा नैसर्गिक कारणाने गेली होती. टोकाची ती घडी उधाणासारखी असते, चढते तशी उतरते. तेवढा वेळ मिळवून द्यायचा असतो. सिडनीला एका कड्यासमोर डॉन रिची नावाचे गृहस्थ राहायचे. ते २०१२ मध्ये वारले. कड्यावर कुणी घुटमळताना दिसलं की जवळ जाऊन ते चहाला बोलवायचे. अशी दीडशेहून जास्त माणसं त्यांनी परत आणली. "म्हणजे च्याच?" अण्णा पहिल्यांदा हसले.

पुढे कठड्याचा विषय ग्रामसभेत आला आणि अण्णांनी मलाही ओढून नेलं. एकाचं म्हणणं, शोभा जाईल, पर्यटक सेल्फीला थांबतात. मला विचाराल तर जाळीतूनही खाडी दिसते. दुसऱ्याने तेच ठेवणीतलं वाक्य काढलं. मी वॉशिंग्टनच्या एलिंग्टन पुलाचं सांगितलं. तिथे १९८६ मध्ये अडथळा बसवला, आणि जवळच, दिसेल इतक्या अंतरावर असलेल्या टाफ्ट पुलावर त्यामुळे आत्महत्या वाढल्या नाहीत. एका निवृत्त गुरुजींनी मोबाइलवर टोरांटोचं उदाहरण शोधून मला अडवलं. २००३ मध्ये तिथल्या पुलाला जाळी लागली, पण पहिल्या अभ्यासात शहरातल्या अशा आत्महत्यांचा एकूण आकडा घटलेला दिसला नव्हता. गुरुजींचं बरोबर होतं. मात्र पुढे जास्त वर्षांचे आकडे हाती आल्यावर शहरातल्या पुलांवरच्या आत्महत्यांत घट दिसली, हेही त्यांना त्याच मोबाइलवर सापडलं. ग्रामसभेत इतकी चांगली चर्चा मी क्वचित ऐकली आहे.

पाटी लावायचं ठरलं तेव्हा "आत्महत्या महापाप आहे" असा मजकूर पुढे आला. मी हट्टाने नको म्हटलं. आधीच स्वतःला ओझं समजणाऱ्या माणसाला आणखी पापी ठरवून काय साधणार? आता तिथे लिहिलंय, "मन जड झालंय? बोलूया. टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही." जीव लगेच धोक्यात दिसला तर ११२, हे खाली. पाटीवर उजेड पडेल असा दिवाही लागला.

रविवारी टपरी बंद असते म्हणून अण्णांनी स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना गोळा केलं. तासभर मी बोलले, पण त्यांना पटलं ते अण्णांचंच. जवळ जा, पण झडप घालू नको. मोबाइल काढून शूटिंग करणाऱ्याला आधी हटव. "घरच्यांचा विचार कर" असं सुनावू नको, त्याचं ऐक. एकटा सोडू नको. एकाने विचारलं, "आणि तो नुसती हवा खाऊक उभो असलो तर?" अण्णा म्हणाले, "तर च्याचे पैसे माझ्याकडसून घी."

तो तरुण आता दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहे. मानसोपचाराच्या तारखा चुकवत नाही, कर्जाचे हप्ते बांधून घेतलेत. अण्णांना झोप लागते, पण पावसाळी रात्री उठून पुलाकडे एक चक्कर मारून येतात, असं वहिनी सांगतात. त्यावर आमचं काम चालू आहे. कठडा अजून मंजुरीत अडकलाय. पाठपुराव्याची फाइल गुरुजींकडे आहे.