वाचकांचे प्रश्न : दंड वाढला, पण कायदा लागू पडला का?

प्रश्न : राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, दंड लाखांत गेला. तरी मालवणसमोर रात्री एलईडीचा, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासळी खेचून पकडणाऱ्या नौकांचा, उजेड दिसतोच. आम्ही रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. कायदाच कुचकामी की अंमलबजावणी, हे ठरवायचं कसं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आधी कायद्याचा मजकूर वाचा. १९८१च्या मूळ कायद्यात दंड मासळीच्या किमतीच्या पटीत होता आणि निवाडा तहसीलदारांकडे. किंमत कमी दाखवली की दंडही उतरे. दुरुस्तीनंतर निवाडा मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आला आणि एलईडी मासेमारीला ५ ते २० लाखांचा दंड ठरला. हा बदल योग्यच आहे. मात्र हा कायदा १२ सागरी मैलांपर्यंतच चालतो. पलीकडे केंद्राचा अंमल. एलईडीला तिथेही २०१७ पासून बंदी आहे, पण नौका पकडायची जबाबदारी बदलते. म्हणून उजेड दिसला की नुसती तक्रार नको. समुद्रातल्या आपल्या होडीतून जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि दिसल्यास नौकेचा क्रमांक टिपा. स्थान नसेल तर प्रकरण उभंच राहत नाही.

अंमलबजावणीसाठी माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्ज १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. वर्षवार मागा : गस्तीचे दिवस, अडवलेल्या नौका, दाखल प्रकरणं, निकाल, ठोठावलेला दंड, वसूल झालेला दंड. शेवटचे दोन आकडे वेगवेगळेच मागा, खरी गळती बहुधा तिथेच सापडते. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पहिलं अपील.

तुलना करताना २०२० आणि २०२१ बाजूला ठेवा. टाळेबंदी, निसर्ग आणि तौक्ते वादळांमुळे त्या दोन वर्षांत नौका किती बाहेर पडल्या हेच वेगळं होतं. २०१७ ते २०१९ आणि २०२२नंतरची वर्षं घ्या, जून-जुलैचा बंदीकाळ वगळा. प्रकरणं वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, गस्त वाढली असेल. म्हणून दर शंभर गस्तीदिवसांमागे किती, ते काढा. मासळीच्या आवकेवरून निष्कर्ष मात्र काढू नका. तारलीसारखी मासळी समुद्राच्या तापमानानेही कमीजास्त होते.

गस्तच तुटपुंजी निघाली तर मागणी गस्तीनौका, इंधन आणि खलाशांची करा. प्रकरणं निकालाविना पडून असतील तर निवाड्याला मुदत मागा. दंड ठोठावूनही वसुली नसेल तर थकबाकीदार नौकेचा परवाना आणि डिझेलवरील कराचा परतावा रोखावा, अशी लेखी मागणी मच्छीमार संस्थेच्या ठरावासह द्या.