एका वेळी एकच बदल

बाळा,

अनेक आशीर्वाद.

रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारा तो आकडा, पुन्हा ९०० च्या वर गेलं, डॉक्टरांनी तुझी स्टेरॉइडची गोळी, वायसोलोन, ७.५ मिलिग्रॅमवरून परत २० केली आणि तू लिहितोस, "काकू, मी पुन्हा शून्यावर आलो." हे वाक्य आधी खोड. स्नायूंना सूज आणणाऱ्या आपल्या या आजाराचं, पॉलिमायोसायटिसचं, निदान झालं तेव्हा तुझं सीपीके ६,००० च्या पुढे होतं, गोळी ४० ची होती आणि उशीवरून मान उचलवत नव्हती. आज तू स्वतःच्या पायांनी लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आलास. याला शून्य म्हणत नाहीत.

रडू येत असेल तर रड, माझी ना नाही. मला राग आला तो मेसेजच्या खालच्या भागाचा. गोळी १० वरून ७.५ झाली त्याच आठवड्यात तू जिम लावलीस. तापात मेथोट्रेक्सेटचे, म्हणजे आजार दाबायच्या त्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधाचे, दोन आठवडे चुकले. वर आत्याने दिलेला काढा सुरू केलास. आणि आता विचारतोस, असं का झालं असेल? कोण सांगणार? तुला सांगता येणार नाही, मला नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. चार गोष्टींवर संशय आणि पुरावा एकाचाही नाही.

एका वेळी एकच बदल. पॉलिमायोसायटिस घेऊन इतकी वर्षं जगल्यावर माझ्याजवळ सांगण्यासारखं हे एवढंच आहे, आणि तुला कंटाळा येईपर्यंत मी तेच सांगणार आहे.

कारण प्रत्येक गोष्टीचा वेग वेगळा असतो. स्टेरॉइडचा फरक काही दिवसांत जाणवायला लागतो. मेथोट्रेक्सेटला कित्येक आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. व्यायामाचा गुण त्याहून सावकाश येतो. आणि सीपीके कधी कधी ताकद कमी व्हायच्या आधीच चढायला लागतं. एवढं सगळं एकाच महिन्यात हलवलंस, तर दिवाळीत दिसलेला परिणाम गणपतीतल्या कुठल्या बदलाचा, हे कसं कळणार? तापात मेथोट्रेक्सेट थांबवायला डॉक्टरांनीच सांगितलं असेल तर ठीक. पण मग त्याच वेळी वायसोलोन कमी करायची का, हे त्यांना फोन करून विचारायचं होतं. ते जे म्हणतील ते, पण विचारायचं होतं.

अजून एक गुंता आहे, तो तुला कुणी सांगितलेला दिसत नाही. स्टेरॉइड जास्त मात्रेत बरेच महिने चाललं, तर त्यानेही स्नायू अशक्त होतात. म्हणजे जिना चढताना मांड्या गळाल्या तर दोष आजाराचा असेल किंवा औषधाचा. एकात गोळी वाढवावी लागते, दुसऱ्यात कमी करावी लागते. उपाय अगदी उलटे! स्टेरॉइडच्या अशक्तपणात सीपीके सहसा वाढत नाही, त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. पण तू आदल्या दिवशी जिममध्ये वजनं उचलून रक्त द्यायला गेलास, तर सीपीके त्यानेही चढतं. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तरी चढतं. मग डॉक्टरांनी त्या ९०० चा अर्थ काय लावायचा?

कालनिर्णय भिंतीवर आहे ना? माझ्या घरी त्याच चौकोनात दुधाचा हिशेब असतो आणि त्याच्याच खाली माझी गोळी. लाल पेनने मात्रा, आणि जो काही बदल केला असेल तो. रविवारी एक आकडा आणखी: हात छातीशी बांधून, खुर्चीला न टेकता, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठून उभी राहिले. दर वेळी तीच खुर्ची, तीच सकाळची वेळ. दुखणं आज जास्त वाटतं, उद्या कमी वाटतं, झोप झाली नाही तरी जास्त वाटतं. खुर्चीचा आकडा इतका लहरी नाही. डॉक्टरांच्या समोर बसून "मधे जरा बरं होतं, मग नव्हतं" असं सांगण्यापेक्षा कॅलेंडरची ती पानं त्यांच्या हातात दे.

व्यायाम बंद कर असं मी म्हणत नाहीये. पूर्वी या आजारात व्यायाम नकोच म्हणत, स्नायूंची सूज वाढेल अशी भीती होती. स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेतल्या हेलेने अलेक्झांडरसन आणि इंग्रिड लुंडबर्ग यांनी रुग्णांना बेताचा, आखलेला व्यायाम देऊन दाखवलं की तो सुरक्षित असतो आणि ताकदही वाढते. व्यायाम हवाच. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे आणि गोळी स्थिर असताना सुरू कर. गोळी उतरवण्याच्या आठवड्यात नाही.

आता काढ्याचं. आत्याला वाईट वाटेल म्हणून घेतलास, ते मला समजतं. माझी गोळी उतरत होती तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई कुठूनशी एक पुडी घेऊन आल्या होत्या, रोज सकाळी मधातून घ्यायची. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. अशा सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, हे काही गुपित नाही. मी म्हटलं, वहिनी, आत्ता नको, एक औषध हलतंय तोवर दुसरं घेणार नाही. त्यांना तो अपमान वाटला. हेकट, शिकल्याचा माज, असं बरंच काही चारचौघांत बोलल्या, आणि रुसल्या त्या रुसल्याच. घरातल्या लग्नातही आम्ही वेगवेगळ्या पंगतीला बसलो. त्या दुराव्याचं मला आजही वाईट वाटतं. नकाराचं मात्र नाही. ती पुडी घेऊन मला बरं वाटलं असतं, तर डॉक्टरांना वाटलं असतं गोळी कमी करणं मानवलं, आणि त्यांनी ती आणखी उतरवली असती. मी बरोबरच होते. कुणी हेकट म्हणालं तर म्हणू दे, तूही म्हणवून घे.

"माझ्याच बाबतीत असं का" हेही विचारलंयस. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत येतं, हे तेव्हाच्या रुग्णांमध्येच दिसलं होतं. तुझी वायसोलोन त्याच घराण्यातली. ती उतरवताना आजार डोकं वर काढतो, हे त्या औषधाच्या जन्मापासून ठाऊक आहे. तुझ्या नशिबाचा यात काही संबंध नाही.

मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय म्हणतोस, जरूर घे. सगळे जुने रिपोर्ट आणि कॅलेंडरची पानं सोबत ने. पण त्यांची चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीवर चढवू नकोस. दोघांपैकी कुणा एकाचं ऐकायचं ते ठरव. डॉक्टर बदलणं हाही बदलच, आणि तोही एका वेळी एकच.

दोन ठिकाणी मात्र माझा नियम गुंडाळून ठेव. घास गिळताना अडकायला लागला, किंवा कोरडा खोकला येऊन जिन्यात धाप लागायला लागली, तर कॅलेंडर बघत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हा आजार फुफ्फुसातही उतरतो. आणि उलट्यांमुळे वायसोलोन पोटात राहत नसेल तरी लगेच जा. इतके महिने बाहेरून मिळत असल्यामुळे शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवत नसतं, ते एकदम तुटलं तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच कितीही वैतागलास तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

या महिन्यात काय बदलायचं, असं विचारशील. २० ची गोळी चालू झाली, एवढाच बदल. जिम थांबव, काढा थांबव, आणि रक्त तपासून डॉक्टरांनी पुढचं सांगेपर्यंत नवीन काही नको. मेथोट्रेक्सेट डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर ते जिवावर बेततं, म्हणून तो वार आईलाही सांगून ठेव.

मलाही कळव कोणता वार ते. त्या दिवशी संध्याकाळी मी फोन करत जाईन.

तुझी,
काकू