तोझाई मार्गावर घर घेताना जलद गाडी थांबणारे उरायासु निवडावे की निशी-कासाई?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : टोकियोला बदली होते आहे, कार्यालय ओतेमाचीला आहे, घर तिथल्या भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गावर पाहत आहात, तर जलद गाडी थांबते ते उरायासु घ्यावे की थांबत नाही ते निशी-कासाई, आणि पासाच्या खर्चात किती फरक पडेल.

निशी-कासाई घ्या. हे उत्तर मी निःपक्षपातीपणे देत आहे असे भासवणार नाही. मी मूळचा ठाकुर्लीचा आहे, माझे साडू डोंबिवलीचे आहेत आणि ‘तुमच्याकडे फास्ट थांबत नाही’ हे वाक्य मी लग्न ठरल्यापासून ऐकत आलो आहे. पुढे योगायोगाने आम्ही दोघेही टोकियोत आलो. त्यांनी आधी येऊन उरायासुला घर घेतले होते, मी नंतर येऊन निशी-कासाईला घेतले, आणि कल्याण मार्गावरचे जुने भांडण जसेच्या तसे तोझाई मार्गावर सुरू झाले.

2016 च्या जानेवारीतली गोष्ट सांगतो, कारण तुम्हीही पहिल्या पंधरवड्यात तीच चूक करणार आहात. मला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. संध्याकाळी ओतेमाचीच्या फलाटावर साधी गाडी आली, ती भरलेली होती म्हणून मी सोडली आणि मागून आलेल्या मोकळ्याशा गाडीत चढलो. फलकावर इंग्रजीत ‘रॅपिड’ असे स्वच्छ लिहिलेले मी वाचले होते. तरीही चढलो, कारण त्या आठवड्यात मी एकदा याच जलद गाडीने तोयोचोपर्यंत एका सहकाऱ्याकडे गेलो होतो आणि ती वाटेत प्रत्येक स्थानकावर थांबली होती. त्यावरून, ही गाडी नावालाच जलद आहे, असा शोध मी लावून ठेवला होता. त्या दिवशीही निहोनबाशी, कायाबाचो, मोन्झेन-नाकाचो, किबा, तोयोचो अशी सगळी स्थानके ओळीने आली, गाडी प्रत्येक ठिकाणी थांबली आणि मी निश्चिंत झालो. गाडीत फोनवर बोलत नाहीत एवढे शिकलो होतो, म्हणून पत्नीला संदेश पाठवला की दोन स्थानके उरली आहेत, कुकर लाव.

तोयोचो सुटल्यावर मिनामी-सुनामाचीचे दिवे खिडकीवरून सरकत गेले. गाडी भुयारातून वर आली, आराकावा नदीचा लांबलचक पूल ओलांडला, आणि माझे निशी-कासाई स्थानक, त्याखालचे दुकान आणि त्यापलीकडे आमच्या इमारतीचा जिना हे सर्व माझ्या डोळ्यांदेखत मागे गेले. पुढच्या कासाई स्थानकात जलद गाडी मधल्या रुळांवरून जाते, जिथे फलाटच नाही. आणि बाहेरच्या रुळावर दारे उघडी ठेवून, आम्हाला वाट देत उभी होती ती मी ओतेमाचीला सोडलेलीच साधी गाडी. तिच्यात चढलो असतो, तर एव्हाना घराचे कुलूप उघडत असतो. त्यानंतर जुनी एदो नदी आली, टोकियो संपून चिबा प्रांत सुरू झाला आणि गाडी उरायासुला थांबली. फलाटावर उतरून परतीची पाटी शोधत होतो, तोच पाठीमागून खणखणीत मराठीत आवाज आला : ‘‘अहो, ठाकुर्ली मागे राहिली!’’

साडूंचे कार्यालय कायाबाचोला होते आणि ते रोज तीच गाडी पकडत. मला पुढच्या डब्यातून उतरताना त्यांनी पाहिले होते. उरायासुचे दोन फलाट समोरासमोर असल्यामुळे परतीसाठी जिना उतरून पुन्हा चढावा लागतो. तेवढ्या वेळात त्यांनी मला ऐकवले की जलद गाडीलासुद्धा कळते माणसाने कुठे राहावे ते. घरी पोचेपर्यंत कुकर थंड झाला होता आणि त्यांचा फोन माझ्या आधी पोचला होता.

आता मुद्द्याचे. तोझाई मार्ग नाकानो ते निशी-फुनाबाशी असा 30.8 किलोमीटर लांबीचा आणि 23 स्थानकांचा आहे. नाकानोपासून तोयोचोपर्यंत जलद आणि साधी यांत काडीचाही फरक नाही, कारण तिथे सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. फरक पडतो तो तोयोचोच्या पूर्वेला : उरायासुपर्यंत तीन स्थानके आणि तिथून निशी-फुनाबाशीपर्यंत चार स्थानके जलद गाडी गाळते. म्हणजे उरायासुकराला जलद गाडीने जे मिळते, ते तीन थांबे आणि कासाईला वाट देत उभे राहण्याची काही मिनिटे, यापलीकडे काही नाही. ज्यांना मुंबईच्या कसारा-कर्जत फास्टची सवय आहे, त्यांनी ‘जलद’ या शब्दाला इथे तितके वजन देऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत नाकानोच्या दिशेने ही जलद गाडी धावतच नाही. तिच्याऐवजी जी धावते, तिला तिथे ‘त्सूकिन काइसोकु’, म्हणजे नोकरदारांची जलद गाडी, म्हणतात. ती निशी-फुनाबाशीहून सुटून थेट उरायासुला येते आणि तिथून पुढे प्रत्येक स्थानक घेते. कारण सरळ आहे : तासाला सत्तावीस गाड्या एकाच रुळावरून सोडायच्या असतील, तर त्या सारख्याच चालीने चालवाव्या लागतात. एखादी मध्येच पुढे काढायची, तर बाकीच्यांना थांबवावे लागते आणि रांगच कोलमडते. शिवाय जलद गाडीच्या लोभाने सगळा लोंढा तिच्यावरच तुटून पडतो, तो वेगळाच. तात्पर्य, ज्या वेळी माणसाला घाई असते त्याच वेळी उरायासुची जलद गाडी साधी झालेली असते.

हे मी साडूंना तोंडी सांगून पाहिले. ते मानायला तयार नव्हते. शेवटी 2017 च्या जूनमध्ये आम्ही सोमवार ते शुक्रवार एक प्रयोग केला. त्यांनी उरायासुला गाडीत चढताच डब्याचा क्रमांक कळवायचा आणि मी निशी-कासाईला त्याच डब्यासमोर उभे राहायचे. पाचही दिवस ते ज्या गाडीत होते, तीच गाडी कासाईला थांबून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दार उघडले की आत, पार पलीकडच्या दाराला चिकटलेले साडू दिसत. मी त्यांना नमस्कार करीत असे आणि ते खिडकीबाहेर पाहत असत. दोघेही ओतेमाचीला एकाच क्षणी उतरत असू, कारण तेव्हा त्यांचे काम तात्पुरते तिथल्या शाखेत होते. फक्त ते दोन स्थानके आधी घरातून निघालेले असत. शुक्रवारी त्यांनी एवढेच म्हटले, ‘‘संध्याकाळचे बोला.’’

संध्याकाळचेही बोलतो. जलद गाडी साध्या गाडीला मागे टाकते ती कासाईला. संध्याकाळी ओतेमाचीहून येताना निशी-कासाई हे कासाईच्या आधी लागते, म्हणजे साध्या गाडीची रखडपट्टी सुरू होण्यापूर्वीच आपण उतरलेले असतो. दुपारी उलट दिशेने जाताना निशी-कासाई कासाईच्या नंतर येते, म्हणजे रखडपट्टी संपल्यावर आपण चढतो. या मार्गावर जलद गाडी न थांबणारे, तरीही जलद गाडीमुळे एक मिनिटही न गमावणारे स्थानक जर कुठले असेल, तर ते निशी-कासाई (आणि त्याच्या अलीकडचे मिनामी-सुनामाची). कासाईकरांना हे सुख नाही आणि उरायासुपलीकडच्या मिनामी-ग्योतोकुच्या पुढच्यांना तर नाहीच. निशी-कासाईहून ओतेमाची साध्या गाडीने पाऊण नव्हे, अर्धा नव्हे, पाव तासाच्या थोडेसे पुढे आहे. 2000 सालच्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी आलेली आपली मंडळी तिथे वसली, त्याला भाड्याच्या मोठ्या वसाहती जसे कारण होत्या, तसे गाडी न बदलता ओतेमाची, निहोनबाशी आणि कायाबाचोला पोचवणारा हा मार्गही कारण होता. स्थानकही तसे नवेच आहे. मार्ग 1969 मध्ये निशी-फुनाबाशीपर्यंत पोचला, निशी-कासाई मात्र 1979 मध्ये उघडले.

गर्दीविषयी तुम्ही विचारलेले नाही, परंतु विचारायला हवे होते. 2019 पर्यंत किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा सकाळी 199 टक्के भरलेला असे आणि टोकियोतल्या सर्वांत दाटीच्या मार्गांत त्याची गणना होई. तिथल्या मोजणीत शंभर टक्के म्हणजे काही बसलेले आणि उरलेल्यांना कडी किंवा खांब मिळालेला. दोनशे म्हणजे अंगाला अंग घासते आणि दाब जाणवतो, परंतु मासिक कसेबसे वाचता येते. करोनानंतर हा आकडा उतरला आणि 2023 मध्ये 148 टक्के होता. ठाकुर्लीच्या माणसाला हे वाचून हसू येईल, मलाही आले होते. मात्र तिथे दारे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, लोंबकळायची सोय नाही आणि इतक्या दाटीत कोणी अवाक्षर काढत नाही; ती शांतताच पहिले काही दिवस अंगावर येते. चढउतार लवकर व्हावी म्हणून या मार्गावरच्या पुष्कळ गाड्यांची दारे नेहमीच्या 1.3 मीटरऐवजी 1.8 मीटर रुंद केलेली आहेत. मिनामी-सुनामाचीला एक रूळ आणि एक फलाट वाढवण्याचे कामही त्याचसाठी काढले आहे, म्हणजे एक गाडी उभी असतानाच दुसरी शेजारी येऊ शकेल. त्या कामासाठी 2024 च्या मे महिन्यात तोयोचो ते निशी-कासाई वाहतूक दोन दिवस पूर्ण बंद ठेवली होती.

इथे निशी-कासाईची उणी बाजूही मान्य केली पाहिजे. सकाळी गाडी तिथे येते ती भरूनच येते. बसायला मिळण्याची आशा धरू नका. बसूनच जायचे असेल, तर उरायासुही उपयोगाचे नाही. त्यासाठी आणखी पुढे म्योदेनला घर घ्यावे. तिथून सकाळी काही गाड्या रिकाम्या सुटतात. दुसरे म्हणजे आराकावाचा पूल. 28 फेब्रुवारी 1978 च्या रात्री वावटळीने त्या पुलावर गाडीचे मागचे डबे उलटवले होते. सोसाट्याचा वारा असला की आजही गाड्या हळू चालवतात किंवा थांबवतात, आणि त्या दिवशी निशी-कासाई काय नि उरायासु काय, दोन्ही पुलाच्या पलीकडेच.

पासाचे म्हणाल, तर भाडे अंतरावर असल्यामुळे उरायासुचा पास महाग पडतो. पण बहुतेक कंपन्या तो खर्च देतात, तेव्हा त्यावर डोके शिणवू नका. फक्त एक लक्षात ठेवा : उरायासु-ओतेमाची पास असलेला माणूस वाटेत निशी-कासाईला फुकट उतरू शकतो, निशी-कासाईवाल्याला उरायासुला जायचे तर वरचे पैसे मोजावे लागतात. डाळी, मसाले आणि कढीपत्त्यासाठी साडू दर शनिवारी माझ्या स्थानकावर फुकट उतरतात आणि मी मात्र त्यांच्याकडे जेवायला पैसे भरून जातो, हा मुद्दा त्यांनी अनेकदा मांडला आहे. आणखी एक : उरायासु म्हणजे डिस्नेलँड, या समजाने तिथे घर घेऊ नका. डिस्नेलँड उरायासु शहरात आहे हे खरे, पण त्याचे स्थानक माइहामा आहे आणि ते केइयो या वेगळ्याच मार्गावर आहे.

शेवटी, कार्यालयाची वेळ तुम्ही लिहिलेली नाही. वर जे सांगितले, ते नऊच्या ठोक्याला हजर राहणाऱ्यासाठी आहे. तुमचे काम दहा-साडेदहाला सुरू होत असेल, तर सकाळची गर्दी ओसरल्यावर जलद गाडी पुन्हा खरोखरची जलद होते, उरायासुहून सुटून थेट तोयोचोला थांबते, आणि मग साडूंचे म्हणणे बरोबर ठरते. हे त्यांना मी अजून सांगितलेले नाही.